लटारीभाऊंचा शेजार

लग्न होऊन मी शिवणघाटला आले त्याच आठवड्यातली गोष्ट. सासूबाई शेतावर गेल्या होत्या, घरात मी एकटी आणि गॅसवर वांग्याची भाजी. दारात एक उंच, वाळलेला माणूस येऊन उभा राहिला. खांद्यावर दुपट्टा, हातात रिकामी वाटी. नमस्कार नाही, नाव सांगणं नाही. म्हणाले, "भाजी झाली का?"

मी घाबरत घाबरत हो म्हटलं.

"मंग वाटीभर दे."

मला वाटलं, मागणारा असेल. चंद्रपूरला माहेरी आमच्या दारावर असे कोणीतरी नेहमीच यायचे. मी भाजी वाढली, वर एक पोळी ठेवली. त्यांनी पोळी उचलून मला परत दिली. पोळी ज्याची त्याच्या घरी असते, म्हणाले, आणि वाटी दुपट्ट्याच्या टोकाने झाकून निघून गेले. मी दारातून बघत राहिले. ते आमचा रस्ता ओलांडून, पाण्याच्या टाकीच्या पलीकडे, गावाच्या पार दुसऱ्या टोकाला एका घरात शिरले. थोड्या वेळाने तीच वाटी घेऊन परत आले. आता तिच्यात लाखोळीचं वरण होतं. ते माझ्या हातात देऊन म्हणाले, हे पारबताबाईकडचं, ती तुमची शेजारीण आहे.

मी उजवीकडे पाहिलं, डावीकडे पाहिलं. दोन्हीकडे दुसरीच माणसं राहत होती.

संध्याकाळी सासूबाईंना सांगितलं तर त्या पोट धरून हसल्या. ते आपले लटारीभाऊ, म्हणाल्या. त्यांच्या हिशेबाने पारबताच आपली शेजारीण. जुन्या गावात होती ना.

हे जुनं गाव म्हणजे काय, ते मला कळायला थोडे दिवस लागले. वैनगंगेच्या काठावर, अगदी घाटाला लागून, काळ्या दगडाचं महादेवाचं देऊळ आहे. भिंतींवर हत्ती, नाचणाऱ्या बाया, कुठे एखादा माणूस दाढी कुरवाळत बसलेला. ते कोणी बांधलं याबद्दल गावात एकमत नाही. कोणी म्हणतं चांद्याच्या गोंडराजाने, कोणी म्हणतं त्याच्याही आधीच्या कोणी. पूर्वी नदीतून डोंगे चालत, घाटावर धान उतरे, मीठ उतरे, बांगड्या उतरत. त्या घाटाच्या आधाराने गाव वाढलं. ढिवर, कुणबी, गोंड, एकदोन मुसलमान घरं, सगळी देवळाला बिलगून. घराला घर लागलेलं, मध्ये फक्त बांबूचा कूड. या अंगणातून त्या अंगणात बोलायला आवाज चढवावा लागत नसे.

मग एका वर्षी वरच्या अंगाला पाऊस कोसळला आणि नदी गावात शिरली. माणसं वाचली, घरं मात्र बसली. त्यानंतर गाव उठलं आणि वर माळावर आलं. सरळ रस्ते, चौकोनी प्लॉट, नळ, वीज. कोणाला कुठला प्लॉट, ते चिठ्ठ्या टाकून ठरलं. देव खाली राहिला, माणसं वर आली. आणि वर येताना, पत्त्यांचा डाव पिसावा तसे शेजारी पिसले गेले.

लटारीभाऊंना जुन्या गावाचं उगाच कौतुक होतं असं कोणी समजू नये. वर चला म्हणून सगळ्यात आधी हट्ट धरणारे तेच होते. नळाचं पाणी त्यांना आवडे. सिमेंटच्या रस्त्यावर ते चप्पल काढून चालत, गार लागतं म्हणून. त्यांचं म्हणणं एवढंच होतं की घर बदललं म्हणून शेजार कसा बदलेल. म्हणून रोज संध्याकाळी ते वाटी घेऊन निघत आणि ज्यांच्या भाज्या पूर्वी कुडावरून इकडच्या तिकडे जात, त्यांच्या भाज्या आता ते पायी पोचवत. नव्या शेजाऱ्यांशी लोकांनी बोलावं, भांडावं, त्याला त्यांची हरकत नव्हती. पण पहिली वाटी जुन्या शेजाऱ्याची.

पत्ता सांगण्याची त्यांची रीतही तशीच. एकदा लसीकरणाची नवी नर्स आली. तिने त्यांना सीताबाईचं घर विचारलं. देवळापासून वर ये, चिंच लागते, तिथून डावीकडे तिसरं, असं त्यांनी सांगितलं. ती बिचारी थेट नदीवर जाऊन आली. चिंच होती, डावी बाजू होती, घर मात्र नव्हतं. पायात गोखरू भरून परत आली तेव्हा संतापलेली होती. लटारीभाऊ शांतपणे म्हणाले, "तू घर इचारलं, मी घर सांगतलं. आता राह्यते कुठी, ते तू इचारलंच नाई."

पारबताबाई आणि सीताबाई या जुन्या गावातल्या भिंतीला भिंत लागलेल्या शेजारणी. दोघींचं एकदा बिनसलं, एका कोंबडीवरून. पारबताबाईने सांगून टाकलं, तिच्या घरी माझी वाटी न्यायची नाही. लटारीभाऊ दोन दिवस अस्वस्थ होते. तिसऱ्या दिवशी माझ्याकडे आले, आंबाडीची भाजी नेली आणि पारबताने दिली म्हणून सीताबाईला पोचवली. सीताबाईने खाल्ली. मी आंबाडीत शेंगदाण्याचा कूट घालते, माझ्या आईची सवय. सीताबाईला वाटलं, ही पारबता कधीपासून कूट घालायला लागली? भाजी तर छान झालेली. राग बाजूला ठेवून ती विचारायला गेली. पारबताबाई म्हणाली, मी पाठवलीच नाही. मग दोघी मिळून लटारीभाऊंच्या दारात गेल्या आणि त्यांना मनसोक्त बोलल्या. बोलता बोलता अंधार पडला तशा एकमेकींच्या सोबतीने घरी गेल्या. लटारीभाऊ ओट्यावर बसून सगळं ऐकत होते. दुसऱ्या दिवशी वाटी न्यायला आले तेव्हा मला म्हणाले, झालं काम.

त्यांचं लग्न राहून गेलं होतं. गावाच्या अगदी शेवटी त्यांचं घर. ते सगळ्यांच्या घरी जात, त्यांच्या घरी मात्र कोणी फारसं जात नसे. मीही कधी गेले नव्हते. दिवसा नदीवर जाळं, उन्हाळ्यात वाळूत टरबूज-खरबुजांची डांगरवाडी, संध्याकाळी वाट्या. वर्षातून एकदा, थंडीत, ते धुतलेला पांढरा सदरा घालून सकाळच्या बसने चांद्याला, म्हणजे चंद्रपूरला, जात आणि संध्याकाळी परत येत. कुठे जाता, विचारलं तर काम आहे म्हणत. गावातल्या बायका आपसात हसत, की लटारीभाऊ मुलगी पाहायला जातात आणि दर वर्षी नापास होऊन येतात.

एका वर्षी मी माहेरी निघाले होते आणि त्याच बसमध्ये ते. पांढरा सदरा, मांडीवर कापडात बांधलेला डबा. बस मूल गावाला थांबली. मग त्यांनी हळूच विचारलं, तुझं माहेर पठाणपुऱ्याकडेच ना? मी हो म्हटलं. मग म्हणाले, तिकडे एक घर शोधून द्यायचं आहे. सत्तार नावाचा ऑटोवाला. त्याने घर बदललं आणि त्या गल्ल्यांमध्ये मागच्या वर्षी ते फार भटकले होते.

सत्तारचं घर सापडायला वेळ लागला नाही. दारात त्याचा ऑटो उभा होता. आत पलंगावर त्याची आई बसली होती, हनिफाबी. ऐंशीच्या आसपासची, बारीक, डोळ्यांवर पांढरट पडदा. शिवणघाटला त्यांचा बांगड्यांचा धंदा होता. गावातल्या प्रत्येक नवरीच्या हातात बांगड्या भरल्या त्या त्यांनीच. पुराच्या एक वर्ष आधी सत्तारने त्यांना इकडे आणलं. जुन्या गावात त्यांचं आणि लटारीभाऊंचं घर शेजारी-शेजारी, मध्ये कूड. लटारीभाऊंची आई ते लहान असतानाच वारली. बाप नदीवर असायचा. पोरगा वाढला तो हनिफाबीच्या चुलीवर. हे मला हनिफाबींनीच सांगितलं, आणि लटारीभाऊ खाली मान घालून डब्याची गाठ सोडत बसले.

डब्यात झिंगे-वांगं होतं. हनिफाबींनी बोटाने चाखलं, मीठ कमी आहे म्हणाल्या आणि सगळं खाल्लं. मग त्यांनी गाव विचारायला सुरुवात केली. एकेक घर. चिंचेखालचा ओटा आहे का? आहे, लटारीभाऊ म्हणाले. आपल्या अंगणातली शेवग्याची झाडं? आहेत, यंदा शेंगा फार लागल्या. माझ्या छपराची कवेलू कोणी फेरली का? मीच फेरली, पावसाच्या आधी.

मी चकित होऊन लटारीभाऊंकडे बघत होते. त्या जागी आता एकही घर नव्हतं, कवेलू नव्हतं, शेवगा नव्हता. ते माझ्याकडे बघतच नव्हते.

मग हनिफाबींनी विचारलं, "पारबता सीतेच्या घरी भाजी देते ना अजून?"

"देते," लटारीभाऊ म्हणाले. "रोज देते."

हे एक खरं होतं. ते म्हणताना त्यांचा आवाज जरा मोठा झाला.

निघायच्या वेळी हनिफाबी म्हणाल्या की या शिवरात्रीला त्या गावी येणार आहेत. यात्रेत देवळाच्या पायऱ्यांजवळ त्यांचं बांगड्यांचं दुकान लागायचं. तिथे एकदा बसायचं आहे. सत्तार ऑटोने आणेल. आणि मग घरी जाऊन येऊ, म्हणाल्या.

परतीच्या बसमध्ये लटारीभाऊंनी मला सगळं सांगितलं. पूर ओसरल्यावर ते मुद्दाम तिला सांगायलाच गेले होते. पण तेव्हा ती तापातून उठत होती. तिने घराचं विचारलं आणि तोंडातून निघून गेलं की तसंच आहे सगळं. पुढच्या वर्षी सांगू, म्हणाले. पुढच्या वर्षी तिने शेवग्याच्या शेंगांचं विचारलं. सत्तारला त्यांनी बजावून ठेवलं होतं, आईजवळ बोलू नको म्हणून. "दर वर्षी सांगाले जातो," ते म्हणाले, "अन् तिले घर देऊन येतो. आता काय करू, चांदेवाली?"

 मी म्हटलं, खरं सांगून टाका. ते खिडकीबाहेर बघत राहिले. बाहेर धानाच्या कापलेल्या बांध्या होत्या, त्यांचा रंग उडालेला.

गोष्ट गावात पसरलीच. मी घरी सांगितली, घरातून ती निघाली. यात्रेच्या आधीचे दिवस सगळ्या बायकांकडे हाच विषय. सीताबाई म्हणाली, तिला दिसत नाही, पायऱ्यांवरच बसवू आणि तिथूनच परत पाठवू. पारबताबाई म्हणाली, खाली रस्ता खराब झाला आहे म्हणून सांगू. लटारीभाऊंनी दोन्ही ऐकलं. म्हणाले, डोळे गेले तरी तिचे पाय आहेत, पायाले कळते. त्या दिवसांत ते वाट्या न्यायला येत, पण भाजी कसली हेही विचारत नसत.

शिवरात्रीला सकाळी सत्तारचा ऑटो घाटाशी येऊन थांबला. यात्रा लहानच असते आमची. गुळाची दुकानं, खेळणी, एक पाळणा, नदीत आंघोळ करून ओल्या कपड्यांनी देवळाकडे जाणारी माणसं. लटारीभाऊंनी पांढरा सदरा घातला होता. त्यांनी हनिफाबींना हात धरून पायऱ्यांवर बसवलं. मग बायका जमल्या. प्रत्येक बाई आपला हात पुढे करी आणि हनिफाबी मनगट चाचपून नाव सांगत. सीताबाईला लगेच ओळखलं. पारबताबाईचा हात पुष्कळ वेळ दाबून बघितला आणि म्हणाल्या, तू तर दोन साइजने वाढली. सगळ्या हसल्या, पारबताबाई हसता हसता डोळे पुसू लागली. माझा हात हातात घेतला तेव्हा म्हणाल्या, हा हात माझा नाही, याला कोणी दुसऱ्याने भरलं आहे.

ऊन चढलं तशा त्या उठल्या. "लटारी, चल. घर दाखव."

 लटारीभाऊंनी त्यांचा एक हात धरला, मला दुसरा धरायला सांगितला. आम्ही देवळाच्या मागच्या बाजूने चिंचेपर्यंत आलो. तिथून पुढे वाट नव्हती, लाखोळीचं शेत होतं. निळी-जांभळी फुलं, पायाला ओलसर माती. हनिफाबी चार पावलं चालल्या आणि थांबल्या. लटारीभाऊ त्यांच्या समोर येऊन उभे राहिले. 

"बी, इथी घर नाई आता. पूर आला होता. साराच गाव वर गेला. मी तुमाले खोटं सांगत होतो."

"मालूम आहे मले," हनिफाबी म्हणाल्या.

ते त्यांच्याकडे बघतच राहिले.

"पूर आला त्याच हप्त्यात सत्तारनं सांगतलं. तू आला तवा मी रडून मोकळी झाली होती."

"मंग मले काऊन इचारत होत्या दर वर्षी?"

"तू सांगत होता तवा मले दिसत होतं," त्या म्हणाल्या. "अन् तुले बी घर लागत होतं ना, लटारी. मी नाई इचारलं असतं, तर तू कोणाले सांगतलं असतं?"

लटारीभाऊ तिथेच बांधावर खाली बसले. दुपट्टा तोंडाला लावून बसले. हनिफाबी उभ्याच होत्या, माझा हात धरून. त्यांनी वाकून लाखोळीचा एक वेल तोडला, पानं बोटांनी चुरली, वास घेतला. माती चांगली आहे म्हणाल्या. मग त्यांनी विचारलं की तू आता कुठे राहतोस ते कधी सांगितलं नाहीस, ते तरी दाखव.

ऑटोतून आम्ही वर आलो. मीही पहिल्यांदाच लटारीभाऊंचं घर बघत होते. रस्ता संपतो तिथे दोन खोल्या, पुढे अंगण. त्या घराच्या पलीकडे आणखी एक प्लॉट होता, रिकामा. रिकामा, पण पडीक नव्हता. गवत काढलेलं, जमीन शेणाने सारवलेली, कोपऱ्यात शेवग्याची दोन झाडं. तीन बाजूंनी बांबूचा कूड होता. लटारीभाऊंच्या अंगणाकडची बाजू तेवढी मोकळी होती.

लटारीभाऊंनी कधीतरी सांगितलेलं सत्तारने हळू आवाजात मला सांगितलं, की त्यांची चिठ्ठी पार चौकातली निघाली होती, नळाच्या शेजारची. ती त्यांनी दुसऱ्याला दिली आणि ही टोकाची जागा घेतली, कारण हिच्या शेजारची जागा कोणाच्याच नावावर नव्हती.

हनिफाबी कुडाला हात लावत लावत चालल्या. एका कोपऱ्यापासून दुसऱ्यापर्यंत. शेवग्याच्या खोडाला हात लावला, थांबल्या. तिसऱ्या बाजूला कूड संपला तेव्हा त्यांचा हात थोडा वेळ हवेतच राहिला.

"इथी कोण राह्यते?" त्यांनी विचारलं.

लटारीभाऊ कुडाची एक सैल दोरी आवळू लागले. 

हनिफाबींनी सत्तारला बाज आणायला सांगितली. ऑटो परत न्यायला उशीर होईल, म्हणाला तो. होऊ दे, म्हणाल्या. लटारीभाऊंची बाज त्याने त्या रिकाम्या जागेत, शेवग्याखाली टाकली. हनिफाबी तिच्यावर पाय वर घेऊन, पाठ ताठ करून बसल्या, आपल्या ओसरीवर बसावं तशा. ऊन उतरायला लागलं होतं. खालून नदीवरच्या यात्रेचा आवाज येत होता, मध्येच देवळातली घंटा.

लटारीभाऊ आपल्या अंगणात गेले होते. चुलीपाशी काहीतरी करायचं म्हणून काटक्या मोडत होते, मोडलेल्या पुन्हा मोडत होते. त्यांची पाठ आमच्याकडे होती.

हनिफाबींनी पदर सारखा केला आणि त्या बाजूला तोंड करून हाक मारली. फार मोठ्याने नाही. मध्ये कुडाएवढंच अंतर असावं, अशी.

"लटारी, जेवला का गा?"

लटारीभाऊंचे हात थांबले. ते वळले नाहीत. मी त्यांच्या पाठीकडे बघत होते. तो पांढरा सदरा एकदा वर झाला, खाली झाला.

"नाई बी," ते म्हणाले. "अजून नाई."